एका रस्त्याचा धूर कागदावर: महाद्वार रोड घेऊन प्रदूषणाचं मॉडेल शिकूया

दोन्ही बाजूंना सलग इमारती असलेला दक्षिणोत्तर रस्ता डोळ्यांसमोर आणा. वारा पश्चिमेचा आहे. पश्चिमेकडच्या फुटपाथवर, म्हणजे वाऱ्याला पाठ करून उभ्या असलेल्या इमारतींच्या आडोशाला एक माणूस आहे आणि समोर पूर्वेच्या फुटपाथवर दुसरा. जास्त धूर कुणाच्या नाकात जातो? नव्याने शिकणारे बहुतेक जण पूर्वेकडच्याचं नाव घेतात, कारण वारा धूर तिकडे ढकलेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. गच्चीवरून येणारा वारा समोरच्या भिंतीवर आपटून खाली उतरतो, रस्त्यावरून उलटा पश्चिमेकडे सरकतो आणि जाताना गाड्यांचा धूर गोळा करून आडोशाच्या फुटपाथवर आणून टाकतो. दोन्ही फुटपाथांत दुपटीचा फरक पडणं नेहमीचंच.

इमारतींच्या मधल्या अशा रस्त्याला अभ्यासक स्ट्रीट कॅनियन म्हणतात. आपण त्याला घळ म्हणू. या लेखात कोल्हापूरचा एक रस्ता आणि एक तास घेऊन, फुटपाथवर किती धूर पोहोचतो ते गणित हाताने करायचं आहे. सॉफ्टवेअरचं नाव शेवटी येईल, आणि ते मुद्दाम. आकडे कोणते भरायचे हे कळत नसताना सॉफ्टवेअर उघडलं, की रंगीत नकाशा हमखास मिळतो, त्याचा अर्थ मात्र कुणालाच सांगता येत नाही.

रस्ता निवडणं

पापाची तिकटी ते बिनखांबी गणेश मंदिर हा महाद्वार रोडचा पट्टा शिकायला चांगला आहे. दुतर्फा इमारती, दुचाकींची गर्दी, शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजण्याचं केंद्र याच रस्त्याच्या नावाने आहे, त्यामुळे उत्तर ताडून बघता येतं. ताराराणी चौक, म्हणजेच कावळा नाका, सुरुवातीला घेऊ नका. तिथे जागा मोकळी आहे, घळीचं गणित लागू पडत नाही, आणि सिग्नलला थांबलेल्या रांगेचा हिशेब वेगळा करावा लागतो. रंकाळ्याच्या काठचा रस्ता तर एका बाजूने उघडाच आहे. तो पुढच्या इयत्तेचा धडा.

दोन चौकांमधला सलग तुकडा घ्या. चौकात आडव्या रस्त्याने वारा आत शिरतो आणि घळीतला भोवरा मोडतो, म्हणून दोन्ही टोकांचे वीस-तीस मीटर सोडून द्या. तुकड्याची लांबी इमारतींच्या उंचीच्या सातपट असेल तर उत्तम. तिपटीपेक्षा कमी असेल तर दुसरा रस्ता शोधा.

घळ मोजणं

इथे दोनच मापं लागतात: समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर आणि इमारतींची उंची. अंतर लेसर मीटरने मोजा, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत. डांबराची रुंदी ही वेगळी गोष्ट आहे. उंचीसाठी मजले मोजून प्रत्येकी तीन मीटर धरले तरी चालतं. मात्र जुना वाडा दोन मजली आणि शेजारचं संकुल पाच मजली असं असेल तर सरळ सरासरी फसवते. दर्शनी लांबीप्रमाणे वजन देऊन सरासरी काढा आणि दोन्ही बाजूंची वेगवेगळी नोंदवा. महाद्वार रोडच्या परिसरात इमारतींची उंची हा तसाही जिव्हाळ्याचा विषय. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, आणि त्यांच्या वाटेत कोणती इमारत आडवी येते याची चर्चा दरवर्षी होते. आपल्याला किरणांऐवजी वाऱ्याची वाट बघायची आहे, एवढाच फरक.

उंचीला रुंदीने भागा. उत्तर ०.३ च्या खाली आलं तर रस्ता मोकळाच समजा. ०.३ ते ०.७ मध्ये दोन्ही बाजूंच्या इमारतींचे भोवरे एकमेकांत मिसळतात. ०.७ च्या वर गेलं की वारा गच्च्यांवरून घसरत निघून जातो आणि खाली एक कोंडलेला भोवरा फिरत राहतो. हे तीन प्रकार शहरी हवामानाचे कॅनडातले अभ्यासक टिम ओक (Oke) यांनी १९८८ साली मांडले, आणि आजही सगळे तेच वापरतात. आपल्या उदाहरणात रुंदी १२ मीटर, उंची १० मीटर धरू, म्हणजे गुणोत्तर ०.८३. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजा.

रस्त्याची दिशाही नकाशावरून अंशांत काढून ठेवा. आणि पत्र्याच्या शेड, ताडपत्र्या, दुकानांचे पुढे आलेले फलक, गणपतीतले मांडव यांची नोंद करा. घळीचं तोंड वरून झाकलं गेलं की धूर निघून जायची वाटच अरुंद होते, आणि साध्या मॉडेलला हे कळत नाही.

गाड्या मोजणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. समीकरण कितीही भारी असलं तरी गाड्यांचा आकडा ३० टक्के चुकला तर उत्तरही तेवढंच चुकतं.

पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या दुकानदाराची परवानगी काढून मोबाइल तिवईवर लावा आणि दर तासाची १५ मिनिटं चित्रीकरण करा. नंतर निम्म्या वेगाने बघत मोजा. गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या मोजायला गेलात तर बसच्या आडून निघालेल्या दुचाकी हमखास सुटतात. १५ मिनिटांच्या आकड्याला चारने गुणलं की तासाचा आकडा. गट असे ठेवा: दुचाकी, रिक्षा, मोटारी, छोटा हत्ती आणि टेम्पो, बस, इतर. विजेवरच्या दुचाकी वेगळ्या मोजा. त्यांना धुराडं नाही, पण धूळ त्याही उडवतात.

वार बघून मोजा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला देवीच्या दर्शनाची गर्दी, रविवारी बाहेरगावच्या गाड्या, आणि नवरात्रात तर वाहतूकच वळवलेली असते. एक साधा बुधवार, एक शुक्रवार आणि एक रविवार, एवढं किमान हवं.

मग गाड्यांचं वय आणि इंधन. आरटीओच्या नोंदणीचा आकडा इथे उपयोगी नाही, कारण नोंदलेली प्रत्येक गाडी रस्त्यावर नसते. शिवाय महाद्वार रोडवर एमएच-०९ च्या जोडीला सांगलीच्या एमएच-१०, साताऱ्याच्या एमएच-११, बेळगाव-चिकोडीकडच्या केए-२२ आणि केए-२३ पाट्याही दिसतात. पार्किंगमध्ये उभ्या शे-दोनशे मोटारींच्या काचेवरचे स्टिकर बघा. फिकट निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी म्हणजे डिझेल, आणि वर हिरवी पट्टी असेल तर बीएस-सहा (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाड्यांच्या धुराचं सरकारी मानक). देशभर बीएस-चार १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, त्यामुळे गाडीचं साल कळलं तरी ढोबळ गट पाडता येतात. रिक्षांच्या इंधनाचं थांब्यावर विचारा, दोन मिनिटांत सांगतात.

एक खड्डा सांगून ठेवतो. वाहतुकीचे जुने अहवाल हाताला लागले तर त्यातले आकडे बहुतेक वेळा पीसीयूमध्ये असतात, म्हणजे सगळी वाहनं मोटारींच्या हिशेबात बदललेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी मानकात दुचाकींचं प्रमाण जास्त असेल तर एक दुचाकी ०.७५ मोटारीएवढी धरतात. पण तो हिशेब रस्त्यावर अडवलेल्या जागेचा आहे, धुराचा नाही. १८०० दुचाकींच्या १३५० मोटारी करून त्यांना मोटारीचा गुणांक लावला तर खालच्या उदाहरणात २७० ग्रॅमच्या जागी ४०५ ग्रॅम येतात. दीडपट चूक, आणि तक्ता मात्र अगदी व्यवस्थित दिसतो.

गाड्यांवरून धूर

प्रत्येक गटाची संख्या गुणिले एका किलोमीटरला तो गट किती ग्रॅम सोडतो तो उत्सर्जन गुणांक. भारतीय गाड्यांचे गुणांक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत मोजले आहेत, सुरुवात तिथून करा. युरोपचे गुणांक जसेच्या तसे उचलू नका. वेग बदलला की धूर कसा बदलतो, त्या आलेखाचा आकार तेवढा त्यांच्याकडून घेता येईल.

कायद्यातली मर्यादा म्हणजे गुणांक, असंही समजू नका. बीएस-सहा पेट्रोल मोटारीला नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा किलोमीटरला ६० मिलीग्रॅम आणि डिझेल मोटारीला ८० मिलीग्रॅम आहे. पण ती ठरलेल्या चाचणीतली. गुजरीच्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये सरकणारी, इंजिन अजून गरम न झालेली गाडी ती मर्यादा पाळतेच असं नाही.

गणितासाठी नायट्रोजन ऑक्साइड्सचे एका तासाचे हे आकडे धरू, पुन्हा उदाहरणापुरतेच:

दुचाकी १८०० × ०.१५ = २७० ग्रॅम
रिक्षा २०० × ०.३ = ६० ग्रॅम
मोटारी ३०० × ०.३ = ९० ग्रॅम
टेम्पो ४० × २ = ८० ग्रॅम

बेरीज ५०० ग्रॅम, दर किलोमीटरला, दर तासाला. मॉडेलला हे दर मीटरला, दर सेकंदाला हवं. १००० मीटर आणि ३६०० सेकंदांनी भागून मायक्रोग्रॅममध्ये आणलं की १३९ येतात. एकक बदलताना हजाराची चूक इथेच होते. शहरातल्या वर्दळीच्या रस्त्याला उत्तर शेकड्यात यायला हवं. लाखांत आलं किंवा ०.१ आलं तर मागे फिरा.

धूळ हे वेगळंच प्रकरण

सुरुवात नायट्रोजन ऑक्साइड्सपासून करा असं आम्ही आग्रहाने सांगतो, सूक्ष्म धूलिकणांपासून नको. नायट्रोजन ऑक्साइड्सचा रस्त्यावरचा मोठा वाटा गाड्यांचाच असतो. धूलिकणांत गाडीचा धूर, टायर आणि ब्रेकची झीज, रस्त्यावरची माती, शेजारच्या कढया आणि जिल्ह्याच्या हवेतून आलेला मोठा हिस्सा, सगळं एकत्र असतं.

तरी धूळ काढायचीच असेल तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एपी-४२ मधलं सूत्र सगळे वापरतात. रस्त्याच्या एका चौरस मीटरवरची बारीक माती ग्रॅममध्ये घ्या आणि तिचा ०.९१ वा घात करा. वाहनांचं सरासरी वजन टनात घ्या आणि त्याचा १.०२ वा घात करा. दोन्हींचा गुणाकार करून पीएम-१० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी ०.६२ ने आणि पीएम-२.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे) साठी ०.१५ ने गुणा. उत्तर एका गाडीमागे एका किलोमीटरला ग्रॅममध्ये. बारीक माती म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडणारी. ती मोजायला ठरावीक क्षेत्र आखून व्हॅक्यूम क्लीनरने माती गोळा करायची, वाळवायची, चाळायची, तोलायची. पहाटेच्या झाडलोटीनंतरचा नमुना आणि संध्याकाळचा नमुना यांत फरक पडतो, म्हणून नमुन्यावर वेळ लिहा.

आपल्या उदाहरणातल्या वाहनांचं सरासरी वजन, दुचाकी ०.२, रिक्षा ०.६, मोटार १.२ आणि टेम्पो ४ टन धरून, ०.४३ टन येतं. सूत्रात अमेरिकी टन लागतो, तो लहान असतो, म्हणून ०.४७. माती चौरस मीटरला अर्धा ग्रॅम धरली तर पीएम-१० गाडीमागे ०.१५ ग्रॅम. बीएस-सहा मोटारीच्या धुराड्यातून निघणाऱ्या कणांची मर्यादा ०.००४५ ग्रॅम आहे, त्याच्या हे ३४ पट झालं! पण थांबा. हे सूत्र २ ते ४२ अमेरिकी टन सरासरी वजनाच्या वाहतुकीवर बसवलेलं आहे. दुचाकींच्या रस्त्यावर ते आपल्या हद्दीबाहेर चालतं, आणि सूत्र काही तक्रार करत नाही, निमूट आकडा देतं. असा आकडा अहवालात टाकताना ही अट त्याच ओळीत लिहा.

वारा

मॉडेलला रस्त्यावरचा वारा नको असतो, गच्चीवरचा हवा असतो. गच्चीवर दहा-बारा दिवस वातमापक लावता आला तर त्याला तोड नाही. तो आजूबाजूच्या पाण्याच्या टाक्यांपेक्षा उंच काठीवर लावा. नाहीतर उजळाईवाडी विमानतळावरची नोंद किंवा ईआरए-५ हा युरोपीय हवामान केंद्राचा मोफत विदा घ्यावा लागतो. विमानतळाची जागा मोकळी आहे, त्यामुळे तिथला वेग शहरातल्या गच्चीवर जसाच्या तसा लागू होत नाही, कमी करून घ्यावा लागतो. ईआरए-५ ची एक चौकट साधारण ३१ किलोमीटरची. पन्हाळ्याचा डोंगर आणि मंगळवार पेठ एकाच चौकटीत पडू शकतात, म्हणजे तो वारा कुणा एकाचा नसतो.

ईआरए-५ वापरणाऱ्यांची हमखास चूक वेळेची. त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. संध्याकाळचे सहा शोधताना त्यातले १८:०० उचलले तर आपले रात्रीचे साडेअकरा हातात येतात, आणि मध्यरात्रीचा पडलेला वारा संध्याकाळच्या गर्दीवर बसतो. बरोबर वेळ १२:३०. आणि विदा तासातासाचा असल्यामुळे १२:०० आणि १३:०० यांच्या मधला आकडा काढावा लागतो.

दिशेची दुसरी चूक मराठी माणसाने तरी करू नये. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती. आपण 'पश्चिमेचा वारा' म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो. २७० अंश म्हणजे पश्चिमेचा.

कोल्हापुरात ऋतूंचा फरक मोठा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा जोराचा वारा आणि पाऊस, माती धुऊन जाते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जमीन लवकर निवते, खालची हवा वर चढत नाही, आणि बाजाराची गर्दी नेमकी तेव्हाच सुरू होते. शिकण्यासाठी हिवाळ्यातली संध्याकाळ घ्या, पण वारा सेकंदाला एक मीटरच्या वर असलेला तास निवडा. बहुतेक सूत्रांत वाऱ्याचा वेग छेदात असतो. वेग शून्याकडे गेला की प्रदूषण अनंताकडे जातं, जे खरं नाही. अशा वेळी गाड्यांच्या हालचालीनेच हवा ढवळली जाते.

पार्श्वभूमी

रस्त्यावरचं प्रदूषण म्हणजे गाड्यांची भर अधिक शहराच्या हवेत आधीच असलेलं. दुसऱ्या भागासाठी असं केंद्र हवं जे कुठल्याही मोठ्या रस्त्याला खेटून नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं केंद्र त्यातल्या त्यात जवळचं. महाद्वार रोडचाच मोजलेला आकडा पार्श्वभूमी म्हणून घेतलात तर त्यात गाड्यांचा धूर आधीच आहे, तो दोनदा मोजला जाईल.

ऊस गळिताच्या दिवसांत पार्श्वभूमी वेगळी काढा. गुऱ्हाळांची चुलाणं आणि शेतात पेटवलेलं पाचट यांचा धूर शहरावर येतो, आणि त्याचा महाद्वार रोडवरच्या टेम्पोशी संबंध नसतो. जुलैची पार्श्वभूमी जानेवारीला लावली तर सगळा फरक गाड्यांच्या माथी बसेल.

आता गणित

जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेलं, स्ट्रीट या नावाने ओळखलं जाणारं सूत्र कागदावर करता येतं.

आडोशाची बाजू = ७ × उत्सर्जन ÷ [(वारा + ०.५) × (अंतर + २)]

समोरची बाजू = ७ × उत्सर्जन × (उंची − नाकाची उंची) ÷ [रुंदी × (वारा + ०.५) × उंची]

यातला ७ हा प्रयोगांवरून बसवलेला आकडा. ०.५ हा गाड्यांनी ढवळलेल्या हवेसाठी, आणि २ मीटर हे धूर निघताक्षणी गाडीमागे पसरतो त्यासाठी. अंतर म्हणजे गाडीपासून नाकापर्यंतचं तिरपं अंतर. माणूस गाड्यांपासून ४ मीटरवर आणि नाक १.५ मीटर उंचीवर धरलं तर दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ४.२७ मीटर.

गच्चीवरचा वारा सेकंदाला १.५ मीटर. मग आडोशाला ७ × १३९ ÷ (२ × ६.२७), म्हणजे साधारण ७८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. समोर ७ × १३९ × ८.५ ÷ (१२ × २ × १०), म्हणजे ३४. सव्वादोन पटींचा फरक. वारा अर्ध्या मीटरवर आला तर दोन्ही आकडे दुप्पट होतात. यात पार्श्वभूमी मिळवली की रस्त्यावरचा एकूण आकडा.

वारा रस्त्याच्या रेषेशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात असेल तर आडोसा उरतच नाही, दोन्ही बाजूंची सरासरी घ्या. आणि कुठली बाजू कुठली हे दर तासाच्या दिशेनुसार बदलतं. तक्त्यात एकदा लिहून मोकळं होऊ नका.

हा आकडा सगळ्या नायट्रोजन ऑक्साइड्सचा आहे, मानक मात्र नायट्रोजन डायऑक्साइडला आहे. धुराड्यातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड निघतो, तो ओझोन खाऊन डायऑक्साइड बनतो. म्हणजे किती बनेल हे ओझोन किती शिल्लक आहे त्यावर ठरतं. ७८ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ४१ पीपीबी, हवेच्या अब्ज भागांत ४१ भाग (१ पीपीबी = १.८८ मायक्रोग्रॅम, २५ अंश सेल्सिअसला). त्यातले दहा टक्के थेट डायऑक्साइड धरले तर ४, उरले ३७. हवेत ओझोन ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ३१ पीपीबी असेल तर ३७ पैकी ३१ च बदलू शकतात. जास्तीत जास्त ३५ पीपीबी, म्हणजे साधारण ६६ मायक्रोग्रॅम. उन्हात उलटी क्रियाही चालते, आणि घळीतून हवा बाहेर पडेपर्यंत वेळही थोडाच मिळतो, म्हणून खरा आकडा याच्या खाली.

२००९ च्या राष्ट्रीय मानकात नायट्रोजन डायऑक्साइडला २४ तासांची मर्यादा ८० आणि वर्षाची ४० आहे. एका तासाचं उत्तर या ८० शी ताडून 'मर्यादेत आहे' म्हणणं चूक. आधी चोवीस तासांचं गणित करून सरासरी काढावी लागते.

उत्तर खरं का?

महाद्वार रोडवरच्या केंद्रासारख्या हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, २४ तास नमुने घेतले जातात. त्यामुळे तुमचंही मॉडेल त्याच तारखांना चोवीस तास चालवा आणि सरासरी ताडा. केंद्राची नळी किती उंचीवर आहे ते जाऊन बघा आणि सूत्रात १.५ च्या जागी ती उंची टाका. गच्चीवरच्या मोजणीशी फुटपाथचं उत्तर जुळत नाही म्हणून मॉडेलला दोष देऊ नका.

स्वतः मोजायचं असेल तर दोन्ही फुटपाथांवर डिफ्युजन ट्यूब लावा. या छोट्या नळ्या दोन ते चार आठवडे टांगून ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. प्रत्येक जागी तीन लावा, एखादी हमखास खराब निघते किंवा गायब होते. धूलिकणांचे स्वस्त सेन्सर आधी दोन आठवडे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दुरुस्ती गुणांक काढा. पावसाळी दमट हवेत ते पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात. सेन्सर मिसळीच्या भटारखान्याच्या झरोक्याजवळ, वड्याच्या कढईशेजारी किंवा रिक्षाथांब्याच्या डोक्यावर लावू नका. तिथे रस्ता मोजला जात नाही, कट मोजला जातो.

जुळणी तपासायला दोन मापं पुरेत. तुमच्या आकड्यांपैकी निदान निम्मे आकडे मोजलेल्याच्या निम्मे ते दुप्पट या पट्ट्यात हवेत. आणि सरासरीतला फरक: मोजलेलं वजा काढलेलं, त्याची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज. हे ०.३ च्या आत हवं. मोजलेलं ९० आणि काढलेलं ६० असेल तर ०.४, म्हणजे नापास. अशा वेळी सूत्रातला ७ बदलून ९ करायचा मोह होतो. करू नका. आधी टेम्पोंची मोजणी, मग वाऱ्याची वेळ, मग पार्श्वभूमी तपासा. दोष जवळपास नेहमी त्याच क्रमाने सापडतो.

सॉफ्टवेअर

हाताचं गणित पटलं की ओएसपीएम हे डेन्मार्कमधलं मॉडेल घ्या. घळीसाठीच बनवलंय, गाड्यांनी ढवळलेली हवा आणि ओझोनची क्रिया त्यात आहे. मोकळ्या रस्त्यांना आणि बायपासला एर्मॉड, ते अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडून मोफत मिळतं. कॅलाइन-४ जुन्या भारतीय अहवालांत सगळीकडे दिसेल, पण त्याचं वय झालं. रस्ते आणि इमारतींचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये करा.

ओपनफोमसारखं प्रवाहाचं मॉडेल वर्षभराने. त्यात सर्वांत उंच इमारतीच्या पाचपट जागा पुढे, पाचपट वर, पंधरापट मागे मोकळी ठेवावी लागते आणि घळीच्या रुंदीत निदान दहा चौकोन बसवावे लागतात. एका दिशेच्या वाऱ्याला घरच्या संगणकाची रात्र जाते. मांडवाने किंवा झाडाने भोवरा कसा मोडतो असा प्रश्न असेल तरच ते कष्ट सार्थकी लागतात.

मॉडेलला प्रश्न विचारणं

जुळलेलं मॉडेल हाताशी आलं की 'असं केलं तर?' विचारता येतं. समजा, ते ४० टेम्पो संध्याकाळी बंद करून पहाटे सोडले. संध्याकाळचं उत्सर्जन ५०० वरून ४२० ग्रॅमवर येतं आणि आडोशाच्या फुटपाथवरचा आकडा ७८ वरून ६५ वर. बारा-तेरा मायक्रोग्रॅमची सुटका. आता तेच टेम्पो हिवाळ्यातल्या पहाटे पाच वाजता, अर्धा मीटर वाऱ्यात चालवून बघा. भर २५ मायक्रोग्रॅमची येते, म्हणजे संध्याकाळी वाचवलेल्याच्या दुप्पट. त्या वेळी रस्त्यावर झाडलोट करणारे कामगार, दूधवाले आणि काकड आरतीला निघालेली माणसं असतात. टेम्पो सकाळी अकराला, ऊन चढून हवा हलू लागल्यावर आणले तर काय होतं, तो तक्ता तुम्ही भरा. वाऱ्याच्या रकान्यात त्या तासाचा खरा आकडा घाला आणि वर तारीख लिहायला विसरू नका.